सायकल रेषेवर थांबत नाही

माझ्या मुलीच्या पहिल्या शर्यतीला मी पेढे वाटले, आणि ती नववी आली.

क्रम तोच होता. आधी पेढे, मग नववी. उलटं झालं असतं तर लोकांनी निदान मोठ्या मनाचा बाप म्हटलं असतं. धारवाडच्या बाहेर, अळणावरच्या रस्त्यावर चुन्याची रेषा मारलेली. थंडीचे दिवस, आंब्याला मोहोर आलेला, आणि धुक्यातून जी पहिली सायकल बाहेर पडली ती आमच्या मैथिलीची. तिच्या मागे लांबवर कोणी नाही. मी दिवाणी कोर्टातला वकील. इतका उघड पुरावा मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी पिशवीतून डबा काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या सगळ्या आईबापांच्या हातावर एकेक पेढा ठेवला. त्यांनी तो घेतला, कारण आमच्याकडे हातावर ठेवलेला पेढा कोणी परत देत नाही. सगळ्यांची तोंडं भरल्यावर कोच हिरेमठ सर हातातल्या घड्याळावरची नजर न हलवता म्हणाले, "इन्ना मुगदिल्लरी, वकीलसाहेब. अजून संपलेलं नाही."

ती घड्याळाशी लावलेली शर्यत होती. त्यात मुली एकदम सुटत नाहीत. एक सुटली की थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. कोण आधी पोचलं याला काही अर्थ नसतो, कोणाला किती वेळ लागला हेच बघतात. मैथिली आधी पोचली, कारण तिला आधी सोडली होती. हे जगातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग धुक्यातून एकेक मुलगी येत गेली, माझा पेढा खाल्लेल्या एकेका बापाची मुलगी, आणि मैथिली एकेक पायरी खाली उतरत गेली. एक गृहस्थ तर मिशीवरचा पेढ्याचा चुरा झटकत माझं सांत्वन करून गेले. त्यांची मुलगी पहिली आली होती.

 घरी फाटकाशी उतरल्यावर मैथिली म्हणाली, "अप्पा, पुढच्या वेळी तुम्ही घरीच थांबा."

आता पुन्हा तोच ऋतू आला आहे. सकाळी गच्चीवर गेलं की पूर्वेकडून तो कोरडा, धारदार वारा येतो आणि कानांच्या पाळ्या झोंबतात. नवनगरातल्या आमच्या घराशेजारच्या आंब्यानंही मोहोर धरलाय. तो वास आला की मी गेल्या वर्षीच्या त्या सगळ्या सकाळींमध्ये परत जाऊन पडतो. पडतो म्हणजे अक्षरशः; परवा गच्चीच्या पायऱ्या चुकलो.

पेढ्यांचा दोष माझा नाही, असं मी तेव्हाही म्हणत होतो. दोष सिनेमाचा. मैथिलीनं सायकलचं वेड घेतल्यापासून आमच्या घरात रविवारी दुपारी सायकलचे सिनेमे लागायचे. भाषा कुठलीही असो, खाली अक्षरं असोत नसोत, पडद्यावर दोन चाकं फिरली की आम्ही तिघं समोर. मैथिली जमिनीवर पाय ताणत, तिची आई सुनंदा मांडीवर मेथीची जुडी घेऊन, आणि मी आरामखुर्चीत, पंच्याचं टोक डोळ्यांना लावायच्या तयारीनं. मला सिनेमात रडू लवकर येतं. नावं पडत असतानाच कधीकधी.

या सिनेमांतली कुटुंबं साधारण एकसारखी असतात. एक बाप असतो, तो पहिला दीड तास सायकलच्या विरुद्ध असतो. एक आई असते, ती दारात उभी असते. तिला दुसरं काम नसतं. एखादा भाऊ असतो, तो अपघातात जातो किंवा मागे राहून दुसऱ्याला पुढे काढतो. मग शेवटची शर्यत येते. मुलगा किंवा मुलगी पडते, गुडघा फुटतो, आणि सगळे संपलं म्हणत असताना तिला बापाचा चेहरा आठवतो. त्याच वेळी तो बाप, जो येणार नाही म्हणून शपथ घेऊन बसलेला असतो, गर्दीतून पुढे येतो. व्हायोलिनं वाजतात. रेषा ओलांडल्याबरोबर सायकल आपोआप गळून पडते आणि मुलगी बापाच्या गळ्यात. तिथं मी पंचा वापरतो.

"अप्पा, उतारावर त्या वेगात बापाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर खड्डा कोण बघणार?" मैथिली जमिनीवरून विचारायची.

"मग तुला काय आठवतं गं शर्यतीत?"

"काही नाही. पाय दुखतात. आणि पुढचा खड्डा दिसतो."

"आम्ही कोणीच आठवत नाही?"

"आई आठवते कधीकधी. सकाळी पोहे जास्त खाल्ले असले तर."

सुनंदाची तक्रार वेगळी. "सगळ्या सिनेमांत चिखलात लोळतात, साखळीचं काळं वंगण फासून घेतात," ती मेथीची काडी मोडत म्हणायची, "पण ते कपडे धुताना एक आई दाखवलीय कोणी? वंगणाचा डाग काय असतो, त्या सिनेमावाल्यांना घरी बोलवा एकदा."

मी दोघींचं ऐकून घ्यायचो आणि मनातल्या मनात गर्दीतून पुढे येण्याची तालीम करायचो. पेढ्यांचा डबा त्या तालमीतूनच आला होता.

पण त्या ऋतूची खरी आठवण म्हणजे पाठ.

पेढ्यांनंतर मला शर्यतीला यायची बंदी झाली, तरी सरावाला माझ्यावाचून चालत नव्हतं. कारण पहाटे अंधार असायचा आणि स्कूटरला दिवा होता. आम्ही धारवाड ओलांडून अळणावरच्या रस्त्याला लागायचो. ती पुढे, मी तिच्या मागे थोडं अंतर ठेवून, माझ्या दिव्याचा पिवळा पट्टा तिच्या चाकाच्या पुढे पडेल असा. पुढे जायचं नाही, अशी हिरेमठ सरांची सक्त ताकीद होती. पुढे गेलं की स्कूटरच्या आडोशानं वारा अडतो, आणि वाऱ्याशी भांडायलाच तर ती येत होती. म्हणून अख्खा हिवाळा मी माझ्या मुलीची पाठ पाहिली. सिनेमातल्या बापाला मुलीचा चेहरा दिसतो, घामाचा थेंब कपाळावरून निघून पापणीवर थांबलेलाही दिसतो. मला एक निळा सदरा, त्याखाली हलणारी दोन खांद्यांची हाडं, आणि दर श्वासाबरोबर धुक्यात मिसळणारी वाफ, एवढंच दिसायचं. केळगेरीचं तळं उजाडायच्या आधी नुसती एक फिकट जागा असायचं, रस्त्याच्या बाजूला कोणी दूध सांडून गेल्यासारखं. मग आमराया लागायच्या. मोहोराचा वास तिच्यावरून येऊन मग माझ्यावरून जायचा. मी कधीकधी विसरायचो की आपण स्कूटर चालवतोय; वाटायचं, रस्ताच आम्हाला हळूहळू मागे ओढून घेतोय आणि आम्ही दोघं एका जागी तरंगतोय.

जाताना वारा पाठीशी, येताना छातीवर. येताना ती हँडलवर वाकून अगदी लहान व्हायची, अकरावीतली नव्हे, पाच वर्षांची. आणि मी बोलायला लागायचो. कशाबद्दलही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि समोरासमोर बोलायला गेलो की या वयाची मुलगी मोबाइलकडे बघते. इथं वारा होता, तो शब्द उचलून माझ्याच मागे फेकून द्यायचा. म्हणून मी निर्धास्त होतो. दुर्गदबैलाच्या बाजारातल्या दोन भावांनी दुकानांमधल्या एका भिंतीवरून चालवलेला दावा मी तिच्या पाठीला तपशीलवार सांगितला. लहानपणी मला सायकल कधीच नीट जमली नाही, हेही सांगितलं. ती जन्मली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी कोणाच्या तरी चपला घालून आलो होतो, तेही. एका बापाला एवढा लांब रस्ता आणि एवढा शांत श्रोता कुठल्या सिनेमात मिळाला आहे?

त्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट सिनेमात नसते. सिनेमातला रस्ता रिकामा असतो. आमच्या रस्त्यावर सुगीच्या दिवसांत मळणी चालते. अळणावरच्या अलीकडे गावं सुरू झाली की लोक हुलग्याचे वाळलेले वेल डांबरावर पसरून ठेवतात. जाणाऱ्या-येणाऱ्या लॉऱ्या आणि बस त्यावरून गेल्या की शेंगा फुटतात, मग खालचे दाणे गोळा करायचे. बस काम करते, तिकीट काढलेले लोक वजन देतात, आणि शेतकरी कडेला बसून चहा पितो. फक्त सायकलच्या बारीक चाकाला तो पसारा म्हणजे मरण. मैथिली पहिल्यांदा तिथं घसरली तेव्हा कडेला बसलेली शांताक्का धावत आली. पन्नाशीची, डोक्याला मफलर, हातात खराटा.

"आगं आगं, लागलं काय? कडंनं जायाचं की! दाणं चाकाखाली पळत्यात." मग माझ्याकडे वळून, "काय वो, ही तुमची पोर? रोज पळत्या ही हिकडनं. कुठं जात्या?"

"कुठं नाही. थोडं पुढे जाऊन परत येते."

"परत येत्या? मग जात्या कशाला?"

मी वकील माणूस, खाली वाकून सायकलची साखळी तपासायला लागलो.  दुसऱ्या दिवसापासून मात्र शांताक्कानं रस्त्याची एक कड मोकळी ठेवायला सुरुवात केली. आम्ही जवळ आलो की खराटा उंच करून ओरडायची, "जा गं बाय, जा!" एकदा मैथिली पुढे निघून गेली आणि मी तिच्याजवळ क्षणभर थांबलो. ती म्हणाली, "माझीबी एकच. लगीन झालं, फुलं लावल्याली मोटार आली, गेली. तुमची सायकलवरनं जाईल बघा."

मी हसलो आणि स्कूटर चालू केली. पण ते हसू पुढच्या वळणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

कारण तेव्हा निवड चाचणी जवळ आली होती. पहिल्या चौघींना परगावच्या क्रीडा वसतिगृहात घेणार होते. तिथंच राहायचं, तिथंच कॉलेज, आणि रोज दोन वेळा सराव. हिरेमठ सर आमच्या ओसरीवर बसून चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले होते, "इल्ले इद्रं इष्ट री. इथंच राहिली तर एवढंच. पोरगीत दम आहे, पण दम ओळखायला बरोबरच्या पोरी पाहिजेत." सुनंदानं विचारलं, तिथं जेवायला काय देतात. मैथिलीनं विचारलं, सायकल कुठली देतात.  मी कपात बघत होतो.

सिनेमात इथं बाप विरोध करतो. आमच्या घरात विरोध करायला कोणी तयारच नव्हतं. मी रात्री जेवताना थोडा प्रयत्न करून पाहिला, पण मुद्दा सुचेना. आणि जे सुचले ते सगळे तिच्या बाजूचे होते. तिनं निवडलं जावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि ती निवडली गेली की फाटकाशी सायकल टेकवायचा आवाज बंद होणार, हेही दिसत होतं. सिनेमा या दोन्ही गोष्टी एकत्र कधी दाखवत नाही. तिथं जिंकणं म्हणजे घर जवळ येणं. रुसलेला बाप, रडलेली आई, सगळे शेवटच्या चौकटीत एकमेकांना चिकटून उभे. आमच्याकडे जिंकलं की पेटी भरायची होती.

"तुला करमेल का तिथं?" मी विचारलं.

"अप्पा, आधी निवड तर होऊ दे." आणि तिनं आणखी एक भाकरी घेतली.

चाचणीच्या दिवशी माझ्यावरची बंदी उठली, अटींवर. पेढे नाहीत, ओरडणं नाही, आणि रेषेजवळ थांबायचं नाही. "रेषेपाशी माणसं काय करतात मला अजून कळलं नाही," मैथिली बूट बांधत म्हणाली. "सायकल काय रेषेवर थांबते का? त्या वेगात? मी पुढे लांबवर जाऊन थांबणार. तिथं उभे राहा, पाणी आणि टॉवेल घेऊन."

मी सुनंदाकडे बघितलं. इतके सिनेमे पाहिले, इतके पंचे भिजवले, आणि हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. सायकल रेषेवर थांबत नाही.

तेव्हा आम्ही दोघं रेषेच्या बरंच पुढे, एका मोरीजवळच्या चिंचेखाली जाऊन उभे राहिलो. तिथून रेषा दिसत नव्हती. टाळ्या ऐकू येत नव्हत्या. रस्ता त्या दिवशी लख्ख होता. शांताक्कानं आणि तिच्या जावांनी हुलगे उचलून रस्ता चक्क झाडून काढला होता. फक्त एकेक मुलगी वळणावरून यायची, पाय थांबलेले, सायकल आपली आपण चाललेली, तोंड उघडं. शर्यत संपून गेलेली आणि अजून काहीच सुरू झालेलं नाही, अशी. कोणाच्या डोळ्यांत आम्ही दिसत नव्हतो. एक मुलगी आमच्यासमोर येऊन जवळजवळ कलंडली. तिचं कोणी तिथं नव्हतं. सगळे रेषेजवळ हात पसरून उभे असणार. सुनंदानं मैथिलीसाठी आणलेला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "कूड, बाळ. बस जरा."

मग मैथिली आली. मला आता पाठ नव्हे, चेहरा दिसत होता, आणि तो मला ओळखता आला नाही. राखाडी, मोठ्या बाईचा. ती आमच्यासमोरून तशीच निघून गेली. मी पाण्याची बाटली घेऊन मागे धावलो, पंचेचाळिशीतला वकील जितकं धावू शकतो तितकं. मोरीच्या पलीकडे ती उतरली आणि कठड्याला धरून ओकली. मी एका हातानं सायकल धरली आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. अख्खा हिवाळा जी पाठ लांबून पाहिली होती, ती हाताखाली गरम होती, भिजलेली, आणि आत काहीतरी धाडधाड चाललं होतं.

अजून मुली यायच्या होत्या. निकाल लागायला वेळ होता. आम्ही तिघं मोरीच्या कठड्यावर बसलो. सुनंदानं डब्यातून शेंगदाण्यांची पोळी काढली, मैथिलीनं काळ्या हातांनी ती मोडून खाल्ली, आणि तिच्या आईनं हात धू म्हटलं नाही. ऊन वर आलं. शेतातल्या धुक्याचा शेवटचा पदर आंब्याच्या बुंध्यांमधून निघून गेला. मोहोरावर माश्यांची गुणगुण चालू झाली.  मग पोळी चावता चावता मैथिली म्हणाली, "अप्पा, त्या दोन भावांच्या भिंतीचं पुढे काय झालं?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी पाण्याची बाटली उगाच उघडून परत बंद केली.

"तुला ऐकू यायचं?"

"सगळं नाही. वारा पडला की यायचं." तिनं तोंड पुसलं. "चपलांचं ऐकलं."

"कसल्या चपला?" सुनंदा म्हणाली.

मी भिंतीचं सांगायला लागलो. भिंत अजून उभी आहे, दावाही. धाकट्या भावाच्या नातवंडांनी त्या भिंतीला आता भोक पाडलंय आणि त्यातून चिंचा देतात-घेतात. मी सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, हिरेमठ सरांनी आज सावकाश यावं. त्यांच्या मोटारसायकलचं पेट्रोल संपावं. ती निवडली गेलेली नव्हती, नाकारलेलीही नव्हती. ती नुसती मोरीवर बसून पोळी खात होती, आणि ऊन तिच्या केसांवर पडलं होतं. माझा सिनेमा मी तिथं थांबवला असता.

मोटारसायकल आली. सरांनी लांबूनच तीन बोटं दाखवली. तिसरी.

मैथिलीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हसली आणि खाली बघून बुटाची पट्टी सोडायला लागली. व्हायोलिनं नव्हती. एक बस गेली, अळणावरची, भरून.

पहिल्या पावसाआधी ती गेली. पेटी, दोन गाद्या, आणि सुनंदानं दिलेली वंगणाच्या डागावरची साबणाची वडी. रविवारी फोन येतो. बोलणं थोडं. ती सायकलींबद्दल सांगते, मी समजल्यासारखं हूं म्हणतो. सिनेमे लागतात, पण आता मी आणि सुनंदा दोघंच, आणि मध्ये कोणी टोकत नसल्यामुळे मला पूर्वीसारखं रडू येत नाही. मधून मधून मी पहाटे स्कूटर काढून अळणावरच्या रस्त्यानं जाऊन येतो. शांताक्का खराटा वर करते आणि माझ्या पुढे कोणी नाही हे बघून खाली घेते.

संक्रांतीला ती दोन दिवस आली. खांदे रुंद झालेत, भाकऱ्या वाढल्यात. पहाटे तिच्या खोलीत खुडबूड झाली तसा मी स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून, स्कूटर बाहेर काढून तयार राहिलो. ती नव्या सायकलसह बाहेर आली. हँडलवर इवलासा दिवा होता, आणि त्याचा उजेड माझ्या स्कूटरच्या दुप्पट.

"अहो अप्पा, तुम्ही कशाला? झोपा की. मी येते तासाभरात." तिनं माझा मफलर नीट केला, फाटक उघडलं आणि गेली. तो पांढरा उजेड कोपऱ्यावरच्या आंब्यावर क्षणभर पडला, मोहोर दिसला, आणि पुन्हा अंधार.

मी स्कूटर आत ढकलली. स्वयंपाकघरात सुनंदा परातीत तीळ घेऊन बसली होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "तिला आता माझी गरज राहिली नाही."

तिनं वर पाहिलं, मफलरापासून चपलांपर्यंत.

"गरज लागली असती तर तिसरी आली असती होय ती?" ती म्हणाली. "मला आहे. या इकडं, हा नारळ फोडून द्या."